चालकाच्या बाजूचं दार

४ मार्च

ती. मामा,

नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण अंगणात आता गाडी उभी असते आणि उरलेल्या जागेत माणूस फार तर वाकू शकतो.

हो, गाडी घेतली. तुम्हाला न विचारता घेतली हे आधीच कबूल करते, म्हणजे तुमची पहिली दोन पानं वाचतील. लहानशी आहे, शहरातल्या गल्ल्यांपुरती. आठ वर्षांची, माझ्या आधी दोन मालक होऊन गेलेत. रंग एकेकाळी लाल होता असं कागदपत्रांवर लिहिलंय.

विकणाऱ्याने टपावर थाप मारून सांगितलं, "मॅडम, ही जुन्या कारखान्यातली आहे. नव्यातली असती तर मीच तुम्हाला घेऊ नका म्हटलं असतं." एवढा प्रामाणिक माणूस मी आमच्या कवळ्यांच्या धंद्यातसुद्धा पाहिलेला नाही. आता ज्या कारखान्यात तुम्ही एकतीस वर्षं घासलीत, त्याचं नाव घेऊन कुणी मला शेंडी लावत असेल तर ते तुमच्या कानावर यायला हवं. कागदपत्रांवर नुसता मुख्य कचेरीचा पत्ता आहे. त्या वर्षी म्हणे हीच गाडी दोन्हीकडे बनत होती. तुमचा कारखाना बंद व्हायला टेकला होता आणि दादाचा नुकता सुरू झाला होता. मग माझी कुठली, हे ओळखायचं कसं?

दादाचं नाव कागदावर आलंच आहे, तर दुसरं काम. त्याला मे महिन्यात बारा दिवसांची रजा आहे. आठ वर्षांनी घरी यावं म्हणतोय. तुमच्याकडे, म्हणजे त्याच्याच घरी. मला म्हणाला, तू विचार. मी विचारते आहे. तुम्हाला उत्तर एका शब्दात देता येईल, पण तुम्ही देणार नाही हेही मला माहीत आहे.

कवळी कशी बसली? मामीला नमस्कार.

तुमची भाची


११ मार्च

चि. कवळीवाली हीस,

अनेक आशीर्वाद. त्यातला एक ब्रेकसाठी राखून ठेव, लागेल.

कवळी तू स्वतःच्या हाताने बनवलीस असं तुझी मामी सगळ्यांना सांगते. मी ती घालून हसलो की टकटक वाजते, म्हणून हसणं सोडलंय. आधीही फारसं हसत नव्हतो, त्यामुळे नुकसान नाही.

विकणारे सगळे असंच सांगतात. आमचा कारखाना बंद झाल्यावर त्यातल्या गाड्या अचानक वाढायला लागल्या. चालू होता तेव्हा वर्षाला बनत होत्या त्याच्या दुप्पट गाड्या आता बाजारात "जुन्या कारखान्यातल्या" आहेत. कागद बघू नकोस, पाटी बघू नकोस, पाटी कुणीही ठोकतं. दार बघ. चालकाच्या बाजूचं दार तपासायचं काम एकतीस वर्षं मी केलंय, डोळ्यांत तेल घालून. दार आणि खांब यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी असली पाहिजे. चार मिलिमीटर. आमच्याकडे चारची साडेचार झाली तर मी दार परत पाठवत असे आणि बसवणारा माझ्या नावाने बोटं मोडत असे.

सोबत एक लाकडी पाचर पाठवतोय. आमच्यात प्रत्येक तपासनीस आपली पाचर आपण तासायचा, दुसऱ्याच्या पाचरीला हात लावायचा नाही असा दंडक होता. ही तुझ्यासाठी मुद्दाम नवी तासली आहे. फटीत सरकव, अडेल तिथली रेघ वाच. चारही दारांना तीन-तीन ठिकाणी. दातांमधल्या फटी मोजतेस, तेव्हा हे जमायला हरकत नाही.

तुझ्या दादाबद्दल. कारखाना आचके देत असताना जो सहा आठवडे थांबू शकला नाही, आणि ज्यांनी आमचं काम पळवलं त्यांच्याकडेच जाऊन उभा राहिला, त्याच्या रजेशी माझा संबंध नाही. या घराचं पुढचं दार मी स्वतः बसवलंय. नव्या कारखान्याच्या माणसांसाठी ते उघडत नाही. तुझी मामी म्हणते ते कुणासाठीच धड उघडत नाही, खाली घासतं. तिला दारातलं काही कळत नाही.

ती हल्ली रोज दुपारी भाजी आणायला जाते आणि पाऊण तासाने रिकाम्या पिशवीने परत येते. कुणाला फोन करते ते मला माहीत नाही, असं आमच्या दोघांचं ठरलेलं आहे.

तुझं अक्षर फार बारीक झालंय. मोठं लिहीत जा.

मामा


२० मार्च

ती. मामा,

अक्षर तेवढंच आहे. तरी मोठं लिहिते, कागद कंपनीचा आहे.

रविवारी सकाळी पाचर घेऊन गाडीभोवती फेऱ्या घातल्या. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर गॅलरीतून बघत होते. म्हणाले, "काय, गाडीला दात येतायत का?" सगळ्या गल्लीला पुरेल एवढं मनोरंजन झालं.

निकाल असा. तीन दारांची फट वर, मधे, खाली अगदी एकसारखी. चालकाच्या बाजूचं दार मात्र वर चार, मधे पाच आणि खाली सात. लावताना जरा उचलून घ्यावं लागतं, नाहीतर लागत नाही. वेगात गेलं की त्यातून शिट्टी वाजते, आणि पाऊस आला तर माझा उजवा गुडघा भिजतो. विकणाऱ्याने गाडी दाखवली तेव्हा ते दार तोच उघडत होता आणि तोच लावत होता, फार अदबीने. मला वाटलं, संस्कार.

एक विचारायचं होतं. तुमच्या पाचरीवरच्या रेघा मी लॅबमधल्या मापकाने ताडून पाहिल्या, सवयीने. तुमची चार म्हणजे साडेपाच निघते, आणि सहाची रेघ सातच्या अंगावर चढली आहे. वर लिहिलेले आकडे मी आमच्या मापकाचे दिलेत. पाचर घाईत तासली का?

दादाला काय कळवू? त्याला रजेचा अर्ज एप्रिलअखेर द्यायचा आहे. तुम्ही नाही म्हणालात तर तो येणार नाही. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत तरी येणार नाही, तोही तुमचाच मुलगा आहे.

कवळी काढून द्या, घासून परत पाठवते. साचा तुमच्याच तोंडाचा होता हे मात्र लक्षात घ्या.

तुमची भाची


२६ मार्च

चि. भाचीस,

पाचर ओल्या लाकडाची होती. लाकूड सुकलं की रेघा सरकतात. तुमच्या लॅबमध्ये लाकूड नसतं, म्हणून तुला माहीत नाही.

गाडीचा निकाल खालीलप्रमाणे.

तीन दारं नीट, एक वाकडं. याचा अर्थ चौघांमधला एक जण झोपला होता. आमच्याकडे झोपायला बाकं होती, तीही मोजकी. नव्या कारखान्यात बहुधा उभ्याने झोपायची सोय केलेली आहे. खाली सातची फट म्हणजे दार नव्हे, खिडकी आहे. असलं दार आमच्या फाटकातून बाहेर पडलं असतं तर मी नोकरी सोडून घरी बसलो असतो. चालकाच्या दाराशी ज्याने असा हलगर्जीपणा केला त्याला त्या दारामागे कोण बसणार आहे याचा विचार करायची गरज वाटली नाही. त्याला रोज कामावर येण्याचा पगार मिळत होता, बघण्याचा नव्हे.

गाडी नव्या कारखान्यात बनलेली आहे. निकाल अंतिम आहे, त्यावर अपील नाही.

याची एक प्रत करून तुझ्या दादाला पाठव. म्हणावं, तुमच्या कारखान्याला जुन्या तपासनिसाचा सप्रेम अभिप्राय. रजेबद्दल वेगळं काही लिहीत नाही. यातच आलं.

मामा

ता. क. कवळी परत पाठवत नाही. सवय झाली आहे.


१९ एप्रिल

बये,

बाबांच्या निकालाची प्रत मिळाली. तीन आठवडे खिशात घेऊन फिरतोय. मी दारांच्याच विभागात आहे हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे झोपलेला माणूस कोण ते कळलं.

फक्त एक अडचण आहे. आमच्याकडे दारं यंत्र बसवतं, पहिल्या दिवसापासून. यंत्र बिघडलं की चारही दारं सारखीच बिघडतात, त्या बाबतीत आम्ही फार न्यायी आहोत. एकच दार वाकडं असेल तर ते माणसाने बसवलंय आणि माणसाने पास केलंय. म्हणजे ते आमच्याकडचं नाही.

खात्री करायची असेल तर चालकाचं दार उघड आणि खालच्या बिजागरीजवळचं काळं रबर वीतभर सोडव. आत पत्र्यावर निळ्या मेणखडूची खूण असेल, गोल आणि मधे आडवी रेघ. ती बाबांची. तिच्याखाली एक ठिपका असेल तर मी काहीतरी चुकलोय. ठिपका नसेल तर गाडी जुन्या कारखान्याच्या शेवटच्या सहा आठवड्यांतली आहे.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आईलाही नाही. बाबांची नजर शेवटची दोन वर्षं गेल्यात जमा होती. ते पाचर लावायचे, पण रेघ दिसायची नाही, अंदाजाने पास करायचे. त्यांच्या पुढच्याच जागेवर मी रबर बसवायला होतो. दार वाकडं दिसलं की बिजागरी सैल करायची, दार उचलून धरायचं, पुन्हा आवळायची आणि मग रबर. चाळीस सेकंद जास्त लागायचे. ज्याचं नीट केलं त्याच्यावर, त्यांच्या खुणेखाली, एक ठिपका. वरून रबर बसलं की तो कुणाला दिसायचा नाही, हिशेब फक्त माझ्यापुरता. नजरेचं बाहेर कळलं असतं तर त्यांना त्याच दिवशी घरी बसवलं असतं, आणि त्या जागेशिवाय बाबा काय करणार होते?

मग माझी बदली आली. नको म्हणालो असतो तर नोकरी गेली असती. गेलो. नंतर ठिपका ठेवायला कुणी नव्हतं.

त्यांना यातलं काही सांगू नकोस. निकाल त्यांचाच राहू दे. आमच्या कारखान्याची अब्रू आधीच इतकी गेलेली आहे की एका दाराने फरक पडत नाही. रजेचा अर्ज मी देत नाही.

दादा


२४ एप्रिल

दादा,

रबर सोडवलं. निळी खूण आहे, गोल आणि मधे रेघ. ठिपका नाही. मी टॉर्च लावून, बोट फिरवून बघितलं. नाही.

मामांना तू सांगितल्याप्रमाणे लिहिते आहे. खोटं बोलायला मला काही वाटत नाही, पण मामांशी खोटं बोलणं म्हणजे तपासनिसाच्या हातात वाकडं दार देण्यासारखं आहे. बघू, नजर अधू आहे म्हणतोस.

अर्ज देऊन ठेव. मागे घेता येतो.

बहीण


२४ एप्रिल

ती. मामा,

तुम्ही म्हणालात तेच खरं. गाडी नव्या कारखान्यातलीच निघाली. ओळखीच्या मेकॅनिकला दाखवली, त्याने दाराकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. मी विकणाऱ्याला जाऊन खडसावलं, तोही खजील झाला. तुमचा निकाल मी लॅबमध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. इतक्या लांबून, गाडी न बघता, नुसत्या आकड्यांवरून ओळखणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे, असं आमचे साहेब म्हणाले.

दादाला प्रत पाठवली. त्याने चूक मान्य केली. त्याचंही बरोबर आहे, एवढ्या मोठ्या कारखान्यात एखादा डुलकी घेतोच.

दार मी आता दुरुस्त करून घेते. रबरही नवीन टाकते, जुनं निघालंय. म्हणजे विषय संपला.

डोळ्यांना जपा.

तुमची भाची


२ मे

चि. भाचीस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा भिंगाने, दोनदा संशयाने.

आपल्या घराण्यात "तुम्ही म्हणालात तेच खरं" असं आजवर कुणी कुणाला म्हटलेलं नाही. तुझ्या आजोबांना डॉक्टरांनी मरायला टेकलात म्हणून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मला तसं वाटत नाही. आणि तू एका पत्रात माझं पाऊण पान कौतुक करतेस, तुझा साहेब मला शहाणा म्हणतो, विकणारा खजील होतो. विकणारा खजील झाला इथेच मी भिंग खाली ठेवलं. पुढे रबर. दाराचं रबर आपोआप निघत नाही. ते सोडवावं लागतं, आणि खालच्या बिजागरीजवळ सोडवायला सांगणारा माणूस जगात एकच आहे.

तर तू खूण पाहिलीस. गोल आणि मधे रेघ. खाली ठिपका नाही. मला पाहायची गरज नव्हती. तीन दारं नीट आणि चालकाचं वाकडं, हे तुझ्या मार्चच्या पत्रात वाचलं तेव्हाच मी ओळखलं होतं. म्हणून तर निकाल इतका कडक लिहिला. त्यातलं एकेक वाक्य खरं आहे, फक्त पत्ता चुकीचा टाकला.

दादा म्हणाला असेल की मला ठाऊक नाही. ऐक. तो गेल्यावर सहा आठवड्यांत फाटकावरून एकोणीस गाड्या माघारी आल्या, सगळ्या चालकाच्या दारावरून. तुझ्या गाडीसारख्या निसटल्या त्या वेगळ्या. साहेबांनी बोलावून विचारलं, अचानक काय झालं तुम्हाला? त्या संध्याकाळी पाळी सुटल्यावर मी आवारात गेलो. तिथे आधीच्या महिन्यांतल्या, न विकलेल्या गाड्या उभ्या होत्या. एकीचं रबर सोडवलं. जवळ जाऊन, नाक पत्र्याला टेकवून पाहिलं. माझी खूण आणि खाली ठिपका, पोराच्या हातचा. दुसरीचं सोडवलं, ठिपका. बावीस गाड्यांपर्यंत मोजले, मग मोजणं सोडून तिथेच बसलो.

तो पळून गेला असं मी आठ वर्षं सगळ्यांना सांगत आलो. तो गेल्याचा राग मला कधीच नव्हता. त्याच्या जागेवर गाड्या तुंबायच्या, का ते आता तुला माहीत आहे. त्यावरून मी दोन वर्षं रोज जेवताना त्याला कामचुकार म्हणायचो. तपासनिसाच्या पोटी असला आळशी कसा निपजला, असं त्याच्या आईसमोर म्हणायचो. तो ऐकून घ्यायचा आणि जेवायचा. एकदाही बोलला नाही की बाबा, तुमच्यामुळे. मला लाज वाटली, बाळ. लाज घेऊन माफी मागायला जाण्यापेक्षा राग धरून घरात बसणं सोपं पडलं.

पाचर ओली वगैरे काही नव्हती.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. आठ वर्षांपूर्वी यायला हवं होतं म्हणाला. मी म्हटलं, दहा. सोळा मे तारीख दिली आहे. फॉर्मवर सोबत येणाऱ्या नातेवाइकाचं नाव लिहायचं होतं. तुझी मामी स्वतःचं लिहायला लागली, तर मी पेन काढून घेतलं आणि मुलाचं लिहिलं. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला गेली ती दीड तासाने आली.

त्या दाराला कुणाला हात लावू देऊ नकोस. गाडी घेऊन इकडे ये. सहा तासांचा रस्ता आहे, शिट्टी ऐकत ये, उजव्या गुडघ्यावर काहीतरी घे.

कवळी पहिल्या दिवसापासून उत्तम बसली आहे. टकटक कधीच वाजली नाही.

मामा

ता. क. सोबतचं पत्र त्याला पाठव. त्याचा पत्ता माझ्याकडे नाही असं मी आठ वर्षं म्हणतोय, त्यामुळे मामीकडे मागता येत नाही.


२ मे

चि. मुलास,

अक्षर वाकडं आलंय. नेहमीसारखं तू नीट करून घे.

रजेचा अर्ज दिला नसशील तर मुदत टळली असली तरी दे. सोळा तारखेला माझे डोळे आहेत आणि फॉर्मवर तुझं नाव पडलेलं आहे, आता खोडता येणार नाही. बहीण गाडी घेऊन येते आहे. तिच्या चालकाच्या बाजूचं दार चाळीस सेकंदांचं काम आहे. हत्यारं आण.

कामचुकार म्हणायचो ते शब्द परत घेतो. आई समोर बसली आहे, तिच्यादेखत घेतो, कारण म्हणालो होतो तेही तिच्यासमोर.

आणखी एक काम आहे. तू गेल्यानंतर मी घराचं पुढचं दार नवीन बसवलं. आई म्हणते ते खाली घासतं. मी आठ वर्षं म्हणतोय की नीट आहे. आलास की पिशवी ठेवायच्या आधी तेच बघ. मी पास केलंय, म्हणजे तुला उचलून धरावं लागणार.

झालं की खाली ठिपका ठेव. या वेळी मला दिसेल.

बाबा